केळटेपचा कौल आणि केळटेपची कौले

जबाब
दिनांक १६/०५/२०२५

नाव ठकूबाई बाबू ढेबे, वय ५८ वर्षे (आधारकार्डावर आहे ते, खरे मला माहीत नाही), व्यवसाय शेती व गुरे पाळणे, राहणार केळटेप, मौजे उंबरकोंड, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारले त्याप्रमाणे सांगते की,

वर लिहिलेल्या ठिकाणी मी लग्न झाल्यापासून राहते. माझे पती बाबू ढेबे हयात नाहीत. मुलगा चंदन हा कामोठे येथे गोदामात कामाला असून सणावारी येतो. माझ्याकडे चार म्हशी, दोन गायी व एक पाडी आहे. मला तक्रारदार म्हणून बोलावले आहे की आरोपी म्हणून, हे मी आल्या आल्या दोनदा विचारले. सध्या फक्त जबाब घेत आहोत असे सांगण्यात आले. तेव्हा मी कोण, ही जागा कोरी राहिली असेल तर ती जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनीच भरावी.

केळटेप ही डोंगरावरची वाडी आहे. घरे बारा-तेरा, त्यातली निम्मी कुलपात. गाडी खालच्या वळणापर्यंत येते, तिथून वर पायवाट. वाडीच्या पुढे सपाटीचा माळ आहे. माळाचा काही भाग महाडच्या मालकांचा आहे व काही गुरचरण आहे. आम्हाला तो वेगळा वेगळा कधी दिसला नाही, कारण गुरे सगळीकडे सारखीच चरतात. माळाच्या पोटाशी झरा आहे, तो मे महिन्यातही आटत नाही. हा माळ गेला तर आम्हाला गुरे विकावी लागतील, आणि गुरे विकली की केळटेपला राहायचे काही कारणच उरत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे. पुढचे सगळे ते कसे बिघडले याचे आहे.

माळाच्या कडेला वाघजाईचे देऊळ आहे. गेल्या वर्षीच्या वादळात देवळाच्या छपराच्या उजव्या पाख्याची कौले उडाली. ग्रामसेविका चैत्राली मॅडम, राहणार महाड, यांनी तेव्हा वर येऊन फोटो काढले व बघते म्हणाल्या. तेव्हापासून उजव्या बाजूला प्लास्टिक बांधलेले होते.

शिमगा झाल्यावर काही दिवसांनी एक इसम मोबाईलने माळाचे फोटो काढत माझ्या घरापाशी आला. त्याने नाव विनीत असे सांगितले. आडनाव सांगितले होते, ते माझ्या लक्षात राहिले नाही. तो मुंबईकडच्या कंपनीचा माणूस असून कंपनीचे नाव खाली बोर्डावर इंग्रजीत आहे. माळावर बंगल्यांची वसाहत करायची आहे, असे त्याने सांगितले व मोबाईलवर चित्रे दाखवली. चित्रात माळ आमचाच होता, पण त्यावर लाल छपरांची घरे, निळ्या पाण्याचे हौद आणि छत्रीखाली बसलेली माणसे होती. गुरे कुठे, असे मी विचारले. तो म्हणाला, गुरे डिझाईनमध्ये नंतर येतील. मुलगा बोलायला गोड होता, हे मी आजही म्हणते. मी त्याला ताक दिले.

त्याने सांगितले की, रस्ता गुरचरणातून न्यायचा आहे म्हणून ग्रामसभेची ना हरकत लागते, व त्यासाठी प्रत्येक वाडीचे म्हणणे तो विचारत फिरतो आहे. इतक्या वर्षांत केळटेपचे म्हणणे विचारायला कोणी चढून आला नव्हता. मला बरे वाटले. वाडीतले कर्ते पुरुष मुंबईला, राहिलेले गुरांमागे, आणि मला बोलायची खोड आहे. म्हणून मीच उत्तर दिले. तेव्हाचे बोलणे साहेबांनी शब्दाला शब्द विचारले आहे ते असे:

मी म्हणाले, "आमचं म्हननं आमी कसं सांगनार? पयला कौल मिळाया पायजे. कौल मिळाला तर आमची हरकत नाय."

त्याने मागे वळून देवळाकडे पाहिले व म्हणाला, "कौल ना? मिळून जाईल मावशी, टेन्शन घेऊ नका. किती लागतील?"

किती, हा प्रश्न मला जरा विचित्र वाटला. पण शहरातली माणसे एकदा विचारून थांबत नसतील असे समजून मी म्हणाले, "एक झाला तरी बास. पर उजवा पायजे. डावा नको."

तो लगेच उठला, देवळाच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला, वर बघून फोटो काढला आणि म्हणाला, "उजव्या साइडचं. समजलं." शहरातला असून पोराला देवाची रीत कळते, असे मला वाटले व मी त्याला दुसरा पेला ताक दिले. दुसरा पेला मी सहसा कोणाला देत नाही.

साहेबांनी विचारले की, उजवा आणि डावा म्हणजे काय. तर आमच्यात घर बांधणे असो, सोयरीक असो की गुरे दुसऱ्या रानात नेणे असो, वाघजाईचा कौल लावल्याशिवाय होत नाही. माझे चुलत दीर नाथू ढेबे हे पुजारी आहेत. ते देवीच्या पाषाणाला पाणी लावून चाफ्याच्या दोन कळ्या चिकटवतात, एक उजवीकडे व एक डावीकडे, आणि प्रश्न विचारतात. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ताक घुसळून होईपर्यंत काय ते कळते. साहेब घाटावरचे असल्याने त्यांनी हे पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले. शेजारी बसलेल्या महिला पोलीस ज्योती मॅडम शिवथरकडच्या आहेत. त्यांना एकदाच सांगावे लागले.

परंतु त्या वेळी कौल लावता येत नव्हता. नाथूभावजींना नातू झाला होता व भावकीला सोयर होते. सोयर फिटले तेव्हा भावजी तापाने पडले. म्हणून देवीला विचारायचे राहिले. आम्हाला घाई नव्हती. आपल्याला विचारले आहे म्हणजे आपल्यासाठी थांबतील, असे आम्ही धरून चाललो.

त्यानंतर एप्रिल महिन्यात खालच्या वळणावर टेम्पो आला. तारीख सांगता येत नाही, त्या दिवशी माझी पाडी हरवली होती व दुपारी सापडली, एवढे आठवते. टेम्पोत नवी कौले होती. ड्रायव्हरने देवळासाठी आहेत, उतरवून घ्या असे सांगितले. कुणी पाठवली, असे मी विचारले. तो म्हणाला, हापिसातून. आमच्याकडे हापिस म्हणजे ग्रामपंचायत. दुसरे हापिस आम्हाला ठाऊक नव्हते. कंपनीनेही खाली पत्र्याची खोली आणून ठेवली होती व तिलाही हापिस म्हणतात, हे मला फार उशिरा कळले.

चैत्राली मॅडमना फोटो काढल्याची आठवण राहिली, असे आम्ही समजलो. वाडीतल्या सगळ्या बायांनी ती कौले डोक्यावरून वर नेली. माझी चुलत जाऊ प्रयागबाई ढेबे हिची मान धरलेली असताना तिनेही खेपा केल्या. वाटेत आम्ही खूप हसलो. भावजी अजून अशक्त होते, तरी शिडीवर चढून त्यांनी पाखा शाकारला. संध्याकाळी देवीपुढे नारळ फोडला व ग्रामपंचायतीचे भले होवो असे म्हटले. म्हणजे नारळही चुकीच्या नावाने फुटला.

दिनांक १ मे रोजी उंबरकोंड येथे शाळेच्या पडवीत ग्रामसभा झाली. केळटेपहून मी व प्रयागबाई गेलो होतो. आम्ही बायकांच्या बाजूला मागे बसलो होतो. चैत्राली मॅडम भोंग्यातून विषय वाचत होत्या. तो भोंगा लग्नाकार्याचा असून शब्दाचे शेवटचे अक्षर खातो. कंपनीच्या वसाहतीचा विषय आला तेव्हा विनीत पुढे जाऊन मॅडमच्या कानाशी काहीतरी बोलला. मग मॅडमनी भोंग्यातून मला हाक मारली व विचारले. मला जे ऐकू आले ते असे: "ठकूबाई, केळटेपला कौल मिळा... ना?"

मी बसल्या जागेवरून ओरडून सांगितले, "मिळाली, मिळाली. लावली पन. देवी सुखात हाय."

सभेत टाळ्या वाजल्या. कौले मिळाल्याच्या टाळ्या वाजवतात हे मला नवीन होते, पण सरकारी कामात टाळ्या वाजतात हे पाहिलेले आहे. प्रयागबाईने मला कोपराने ढोसले व आभार मान म्हणाली. म्हणून मी उभी राहून हातही जोडले. मी हात जोडले हे सगळ्यांनी पाहिले आहे, ते मी नाकारत नाही.

त्यानंतर आठवड्याच्या आत माळावर माणसे आली. त्यांनी चुन्याची फक्की मारून रेषा ओढल्या व लाल झेंड्या लावल्या. एक रेष झऱ्याच्या अलीकडून गेली, म्हणजे झरा पलीकडे गेला. वाडीतल्यांनी कुणाच्या हुकमाने, असे विचारले. ते म्हणाले, ग्रामसभेच्या. केळटेपचा होकार कुणी दिला, असे विचारले तर त्यांनी माझे नाव सांगितले. मी तिथेच उभी होते. मी होकार दिला नाही असे म्हणत होते, पण नक्की काय दिले आणि कधी, तेच मला समजेना.

त्या दिवसापासून वाडीत माझ्याशी बोलणे बंद झाले. झऱ्यावर मी गेले की बाकीच्या हंडे उचलून निघायच्या. प्रयागबाई आणि मी एका मांडवात लग्न होऊन आलेल्या बाया. तिने फक्त एक वाक्य म्हटले. ती म्हणाली, "देवी कौलांवर इकलीस गो." मला ते फार लागले. दोन दिवस मी भाकरी थापली ती कोणी खाल्ली नाही, म्हणजे मीच खाल्ली नाही. हे जबाबात घेण्याची गरज नाही असे साहेब म्हणाले. मी घ्या म्हणाले, म्हणून घेतले आहे.

मी ग्रामपंचायतीत जाऊन चैत्राली मॅडमना विचारले की, तुम्ही कौले दिलीत त्यात होकार कुठून आला. मॅडम म्हणाल्या, कौले आम्ही दिलीच नाहीत. तेव्हा टेम्पोच्या ड्रायव्हरचे हापिस कोणते, ते मला कळले. मॅडमचे म्हणणे असे की, विनीतने त्यांना केळटेपला कौल मिळालं, त्यांची हरकत नाही, असे सांगितले. त्याचे मराठी तसेच असते म्हणून त्यांनी मिळालं हे मिळाला असे समजून घेतले. मॅडम म्हणाल्या, "केळटेप देवीला विचारल्याशिवाय काही करत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी सभेत मुद्दाम तुमचाच शब्द वापरला, तुमचा मान राहावा म्हणून." त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते. कोणावर रागवावे ते मला कळेना, म्हणून मी तशीच परत निघाले.

जाताना मॅडमनी सांगितले की, दिनांक २४ मे रोजी विशेष ग्रामसभा लावली आहे, त्यात केळटेपचे म्हणणे पुन्हा घेता येईल. मात्र या खेपेला काय ते स्पष्ट सांगा. मी म्हणाले, स्पष्ट सांगायला आधी कौल लागेल. मॅडमनी कपाळाला हात लावला.

दिनांक १३ मे, मंगळवार रोजी नाथूभावजींनी आंघोळ करून कौल लावला. सगळी वाडी जमली होती. मी लांब, पायरीच्या खाली उभी होते. भावजींनी विचारले, "आई, माळावर घरं होऊ द्याची का नाय?" कळ्या चिकटवल्या. ताक घुसळून झाले असते, लोणी काढून झाले असते, तरी एकही कळी पडली नाही. ऊन डोक्यावर आले. कळ्या तिथेच सुकल्या, पण ना उजवी पडली ना डावी. असे आमच्या माहितीत कधी झालेले नाही. चाफ्याला चीक असतो त्यामुळे चिकटल्या असतील, असे साहेबांचे म्हणणे आहे. साहेब, दर खेपेला चाफाच असतो.

मग भावजी मागे वळले व सगळ्यांना म्हणाले, "देवी मिंधी झालीया. दुसऱ्याच्या छपराखाली बसून ती कशी बोलंल?"

यावर वाडीत बराच वाद झाला. कोणी म्हणाले कौले उतरवा, कोणी म्हणाले पाऊस तोंडावर आला आहे, देवीला भिजवायचे का. प्रयागबाई म्हणाली, जिला विचारायचे ती देवी आजवर कोणाची मिंधी नव्हती, आताच कशी झाली. मी म्हणाले, आणली मी, उतरवते मी. त्या दिवसांत मी बोललेले तेवढे एक वाक्य कोणी खोडले नाही.

दिनांक १५ मे, गुरुवार रोजी सकाळी भावजींनी शिडीवरून कौले काढून दिली व आम्ही ती डोक्यावरून खाली कंपनीच्या हापिसाशी नेली. आधी मी एकटीच खेपा करत होते. दुसऱ्या खेपेला मागे पाहिले तर प्रयागबाई पाटी घेऊन येत होती. बोलली काही नाही. नंतर बाकीच्याही आल्या. कोणाच्या हातात काठी, कोयता काही नव्हते, कोणी घोषणा दिली नाही. कौले परत देताना नीट द्यावीत म्हणून आम्ही ती उभी, एकाला एक लावून, थरावर थर रचली. सावली म्हणून पत्र्याच्या खोलीला टेकवून रचली. त्या खोलीचे दार बाहेर उघडते व दारही पत्र्याचेच आहे. ते दार आहे हे आमच्या लक्षात आले नाही. आमच्याकडे दाराला उंबरा असतो.

रचून झाल्यावर आतून धडधड आवाज येऊ लागला. आम्हाला वाटले मशीन सुरू झाली. प्रयागबाई म्हणाली, "मशीन मावशी मावशी कशाला करंल?" तेव्हा कळले की विनीत आत आहे. तो कानात वायर घालून बोलत बसला होता व आत गार हवेचे यंत्र चालू होते, म्हणून त्याला आमचा व आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आम्ही लगेच कौले बाजूला केली. त्या घाईत काही कौले फुटली. फिर्यादीत म्हटले आहे की, महिलांनी जमाव करून कंपनीच्या माणसास कोंडून ठेवले. कोंडला गेला हे खरे आहे. कोंडला नाही.

विनीत बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता. मी त्याला पाणी दिले व पदराने वारा घातला. तो कौलांच्या चवडीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्हीच तर कौल मागितलं होतं. मी स्वतः पाठवलं. उजव्या साइडचं."

मी म्हणाले, "मी कौल मागितला. कौलं नाय."

तो म्हणाला, "फरक काय आहे?"

तो खरेच विचारत होता. चेष्टा करत नव्हता. मग मी म्हणाले, "एक तू देऊ शकतोस रे बाबा. दुसरा नाय."

मग त्याने सांगितले की, त्याने वर कंपनीत केळटेपचे झाले म्हणून कळवलेले आहे व त्यावर पुढची कामे ठरली आहेत. आता उलटे कसे कळवायचे ते त्याला समजत नव्हते. मी म्हणाले, मलाही समजत नाही. आम्ही दोघे तिथे बसून राहिलो. त्याने स्वतः तक्रार करणार नाही असे सांगितले होते. नंतर त्याला फोन आला, तो बाजूला जाऊन बराच वेळ हो सर, हो सर करत होता, आणि आज मी इथे आहे.

साहेबांनी विचारले की, तुम्हाला कोणी फूस लावली काय, कोणत्या पक्षाचे लोक वाडीत येतात काय. कोणी फूस लावलेली नाही. पक्षाचे लोक मतांच्या वेळी खालच्या वळणापर्यंत येतात, चढ बघून परत जातात.

साहेबांनी विचारले की, प्रकल्पाला तुमचा विरोध आहे काय. याचे उत्तर साहेबांनी होय किंवा नाही असे एका शब्दात मागितले आहे. मला ते देता येत नाही. चंदन फोनवर म्हणतो, आई, रस्ता येईल, आजारी माणूस झोळीतून उतरवावा लागणार नाही. ते मला पटते. माझे मालक झोळीतच गेले, अर्ध्या वाटेत. मग मी सकाळी गुरे सोडते, ती माळावर पसरतात, झऱ्यावर पाणी पितात, तेव्हा ती चुन्याची रेष दिसते आणि उद्या ही कुठे पाणी पितील असे वाटते. दोन्ही खरे आहे. म्हणून तर आम्ही देवीला विचारतो. आपल्याच्याने ठरत नाही ते विचारायला एक जागा असावी लागते. माझी तक्रार घरे बांधण्याची नाही. आमचे उत्तर आम्ही देण्याच्या आधीच दिले गेले, ही आहे. अशी तक्रार कोणत्या कलमात बसते ते साहेबांनी पाहावे. साहेब म्हणाले, बसत नाही.

फुटलेल्या कौलांबद्दल विचारले. ती आमच्या हातून फुटली, मुद्दाम फोडली नाहीत. आमच्या घरांवर जुनी कौले आहेत. कंपनीने मागितली तर माझ्या छपराची उतरवून देईन.

सध्या देवळाची उजवी बाजू उघडी आहे. मी माझ्या गोठ्यावरची ताडपत्री नेऊन बांधली होती. त्यावर प्रयागबाई म्हणाली, "आता तुजी मिंधी झाली तर गो?" बोलली, याचेच मला बरे वाटले. पण तिच्या बोलण्यात तथ्य होते, म्हणून ताडपत्री काढली. आता देवी उघड्यावर आहे. काल संध्याकाळी घाटाच्या बाजूला आभाळ भरून आले होते. येत्या मंगळवारी, दिनांक २० मे रोजी पुन्हा कौल लावायचा आहे. तोवर पाऊस येऊ नये. आला तर कळ्या पावसाने पडल्या की देवीने पाडल्या, यावर पुन्हा वाद होईल. हे आठवले की मला रात्री झोप लागत नाही.

माझी एकच विनंती आहे. दिनांक २४ च्या ग्रामसभेत मला पुन्हा विचारतील. भोंगा तोच असेल. तेव्हा कोणी एकाने उठून माझे उत्तर शेवटच्या अक्षरासकट ऐकावे. पोलिसांना तसे करता येत असेल तर पाठवावे. हे पोलिसांचे काम नाही असे सांगण्यात आले. तरी मी विनंती केली होती, एवढे राहू द्यावे.

माझे सांगणे महिला पोलीस ज्योती मॅडम यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. एका ठिकाणी साहेबांनी "आम्ही कंपनीस कौल परत केला" असे लिहिले होते. ते मी थांबवून "कौले परत केली" असे करून घेतले आहे. कौल आम्हाला अजून मिळालेला नाही व आम्ही कोणाला दिलेलाही नाही. बाकी लिहिलेले मी सांगितले तसे आहे. मला सही येत नाही. अंगठा द्यायला मी उजवा हात पुढे केला, तर साहेबांनी डावा मागितला. मी का, असे विचारले. रिवाज आहे म्हणाले. म्हणून शेवटी एवढे लिहून घ्यावे, की खालचा अंगठा डावा असला तरी तो पोलीस ठाण्याच्या रिवाजाने घेतलेला आहे. कौल म्हणून नाही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा
ठकूबाई बाबू ढेबे

समक्ष